निरोप्यांचा पूल

माझी मावसबहीण नऊ वर्षांपासून ब्रिस्बेनला राहते. कामावर जाताना रोज एका पुलावरून नदी ओलांडते, टोल भरते. पुलाचं नाव ‘गो बिट्वीन ब्रिज’ का, हा प्रश्न मात्र तिला कधी पडला नव्हता. “दोन काठांच्या मधे आहे म्हणून असेल,” ताई म्हणाली. हे एका बँडचं नाव आहे आणि मी या शहरात आलो तो निम्मा त्या बँडसाठीच, असं सांगितल्यावर तिनं स्टिअरिंगवरची नजर काढून क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच निघालो. सुरुवात सेंट लुशियाच्या क्वीन्सलंड विद्यापीठापासून केली, कारण ही गोष्ट तिथूनच सुरू होते. पिवळसर-जांभळट वालुकाश्माच्या कमानी, मधोमध हिरवंगार अंगण, आणि ऑक्टोबर संपत आलेला, त्यामुळे सगळीकडे जॅकरंडाचा निळा-जांभळा सडा. जॅकरंडा फुलला तरी अभ्यासाला बसला नसाल तर आता उशीर झाला, असं इथले विद्यार्थी म्हणतात. सत्तरच्या दशकात याच विद्यापीठात दोन मुलं भेटली. रॉबर्ट फॉर्स्टर ब्रिस्बेनचाच, उंच, सगळ्यांत उठून दिसणारा. ग्रँट मॅक्लेनन उत्तर क्वीन्सलंडमधून आलेला, सिनेमा आणि पुस्तकांत बुडालेला. बँड काढायचं रॉबर्टच्या डोक्यात होतं, पण ग्रँटला एकही वाद्य येत नव्हतं. तेव्हा रॉबर्टनं त्याला बेस गिटार शिकवली. वादक शोधून मग मैत्री करायची, ही नेहमीची रीत. इथे आधी मित्र ठरला आणि वाद्य मागाहून आलं. या बँडचं सगळं वेगळेपण मला त्यातच दिसतं.

१९७७ च्या शेवटी ‘द गो-बिट्वीन्स’ उभा राहिला. हे नाव एल. पी. हार्टली यांच्या ‘द गो-बिट्वीन’ या कादंबरीचंही आहे. तिच्यातला लहान मुलगा दोन प्रेमिकांच्या चिठ्ठ्या पोचवत असतो. आपल्याकडे त्याला निरोप्या म्हटलं असतं.

१९७७ हे साल या शहराच्या आठवणीत वेगळ्याच कारणासाठी आहे. क्वीन्सलंडचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, होते जो बिएल्के-पीटरसन. १९६८ ते १९८७ अशी एकोणीस वर्षं ते सत्तेत होते. १९७७ च्या सप्टेंबरात त्यांनी रस्त्यावरचे राजकीय मोर्चे जवळजवळ बंदच करून टाकले, आणि ऑक्टोबरातल्या एकाच मोर्चात चारशेहून जास्त लोकांना अटक झाली. लांब केस, चारचौघांसारखे नसलेले कपडे, हॉलमधून येणारा गिटारचा आवाज, एवढंही पोलिसांना हटकायला पुरेसं असे. विद्यापीठाच्या आवारातून १९७५ मध्ये सुरू झालेलं फोर ट्रिपल झेड हे रेडिओ केंद्र त्या काळात तरुणांचा मोठाच आधार होतं. अशा शहरात या दोघांनी घोषणा लिहिल्या नाहीत. १९७८ ची त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली ती ‘ली रेमिक’ या हॉलिवूडच्या नटीवर, आणि तिच्या मागच्या बाजूचं गाणं ‘कॅरेन’ एका ग्रंथपाल मुलीवर! काहींना हे पळपुटेपणाचं वाटेल, मला वाटत नाही. जिथे सरकार माणसाच्या केसांची लांबी मोजतं, तिथे ग्रंथालयातल्या मुलीवर जीव लावून गाणं करणं हे धैर्याचंच काम आहे.

विद्यापीठाच्या धक्क्यावरून सिटीकॅट पकडली. ही इथली नदीवरची बस. नदी एवढी वळणं घेते की तेच उंच मनोरे एकदा डाव्या हाताला दिसतात, एकदा उजव्या. तोवाँग गेलं. तिथल्या रेकॉर्डच्या दुकानात या मुलांचा अड्डा असे. काठच्या टेकड्यांवर जुनी लाकडी घरं आहेत, खांबांवर उचललेली, रुंद व्हरांड्यांची, वर पत्रा. पावसात त्या पत्र्यांचा आवाज कसा होत असेल हे कोकणात वाढलेल्या मला कुणी सांगायला नको. मिल्टन सोडल्यावर बोट ताईच्या त्या पुलाखालून गेली. खालून तो साधाच दिसतो, काँक्रीटचा, सरळ. मान वर करून मी तो पूर्ण डोक्यावरून जाईपर्यंत पाहत राहिलो.

उतरून चालत पेट्री टेरेसला गेलो. कॅक्स्टन स्ट्रीटवर बरूना हॉल आहे. १९७८ मध्ये गो-बिट्वीन्स पहिल्यांदा लोकांसमोर उभे राहिले ते इथे. ‘द सेंट्स’ या ब्रिस्बेनच्या पंक बँडचं घरही याच भागातलं. आता रस्त्यावर खानावळी आणि बिअरचे बार आहेत. हॉलसमोर मी बराच वेळ थांबलो. इथून निघालेली जवळजवळ सगळीच मुलं पुढे हे शहर सोडून गेली, सिडनीला, मेलबर्नला, लंडनला. गो-बिट्वीन्सही गेले. १९८० मध्ये लिंडी मॉरिसन ड्रमवर आली आणि बँडला खरा कणा मिळाला.

आता त्यांच्या एका गाण्याबद्दल. लंडनमध्ये पैसे नसताना, दुसऱ्यांच्या घरी राहत असताना, ग्रँटनं ऑस्ट्रेलियन गायक निक केव्हची गिटार हातात घेऊन ‘कॅटल अँड केन’ रचलं. गुरं आणि ऊस. वसतिगृहात शिकणारा एक मुलगा रेल्वेनं घरी चालला आहे, बाहेर उसाची शेतं आहेत. वडिलांचं घड्याळ तो शाळेच्या न्हाणीघरात विसरतो. ग्रँटचे स्वतःचे वडील तो अगदी लहान असताना वारले होते. गाण्याच्या ओळी अकरा मात्रांवर चालतात. आपल्याकडे रुद्रताल अकराचा, त्यामुळे हा आकडा आपल्याला परका नाही, पण रॉक संगीताच्या चाराच्या चालीत तो थोडा अडखळल्यासारखा वाटतो. रुळांच्या सांध्यावर डबा हलावा तसा. लिंडीनं ते अडखळणं ड्रमवर इतकं सहज पेललं आहे की ऐकणाऱ्याला मोजावंसं वाटतच नाही. शेवटी रॉबर्ट येतो आणि गात नाही, नुसतं बोलतो. आठवणीवर मित्राची सही व्हावी तसं.

१९८२ च्या ऑक्टोबरात, इंग्लंडच्या ईस्टबर्न गावी, हे गाणं ज्यात आहे तो ‘बिफोर हॉलिवूड’ अल्बम ध्वनिमुद्रित होत होता. त्याच सुमारास, ७ नोव्हेंबरच्या पहाटे, इकडे ब्रिस्बेनमध्ये टेकडीवरचा क्लाउडलँड हा नाचाचा भव्य हॉल अंधारातच पाडून टाकला गेला. सकाळी लोक उठले तेव्हा टेकडीचा माथा मोकळा होता. मी बोवेन हिल्सला जाऊनही आलो. तिथे आता सदनिका आहेत. शहर पुसलं जात होतं आणि हजारो मैलांवर एक मुलगा ते क्वीन्सलंड जपून ठेवत होता, हे त्या चढावर उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा नीट समजलं.

पुढची हकिकत थोडक्यात. अमांडा ब्राउन व्हायोलिन आणि ओबो घेऊन आली. १९८८ चा ‘सिक्स्टीन लव्हर्स लेन’ हा त्यांचा सर्वांत देखणा अल्बम. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत, आणि १९८९ च्या शेवटी बँड मोडला. २००० मध्ये दोघे मित्र पुन्हा एकत्र आले, आणखी तीन अल्बम केले. ६ मे २००६ रोजी, ब्रिस्बेनमधल्या स्वतःच्या घरी, ग्रँट झोपेतच गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्याच्यासोबत रचलेली तीन गाणी रॉबर्टनं २००८ च्या ‘द इव्हँजेलिस्ट’ या आपल्या अल्बममध्ये घेतली, आणि ग्रँट गेल्यावर दहा वर्षांनी ‘ग्रँट अँड आय’ हे पुस्तक लिहिलं. नवा पूल बांधला जात होता तेव्हा महापालिकेनं लोकांकडून नावं मागवली. २०१० च्या जुलैत तो खुला झाला, या नावानं.

संध्याकाळी ताई मला घ्यायला आली. गाडीत मी ‘कॅटल अँड केन’ लावलं. पूल मिनिटभरातच संपला, गाणं पहिल्या कडव्यातच होतं. घराकडचं वळण आलं, ते तिनं घेतलं नाही. वेस्ट एंडच्या एका रस्त्यावर वडासारख्या मोठ्या झाडाखाली गाडी उभी केली आणि आम्ही रॉबर्टचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसलो.

“वडिलांचं घड्याळ,” ताई म्हणाली, “सापडलं का रे त्याला पुढे?”