फ्रोडो हरला का?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी सबमिशन्स बुडवून वाचलं. माउंट डूमवर पोचून फ्रोडो अंगठी आगीत टाकत नाही, स्वतःची म्हणून बोटात घालतो, तेव्हा मी चिडलो होतो. हजारेक पानं चालून हे? गॉलम त्याचं बोट तोडतो आणि तोल जाऊन पडतो, म्हणून काम होतं. मला तो सरळसरळ बग वाटला.

दुसऱ्या वाचनात लक्षात आलं, बिल्बो, फ्रोडो, अगदी सॅमनंही संधी असून गॉलमला मारलेलं नाही. माझं मत ठरलं : ही दयेची गोष्ट. टॉल्किननंही पत्रांत फ्रोडोचं अपयश नैतिक मानलेलं नाही, हे मी दादाला विजयी सुरात ऐकवलं.

दादा यूपीएससीचे चार प्रयत्न संपवून नुकताच घरी आला होता. म्हणाला, “पत्र राहू दे. हरला तो. हरला म्हणायला काय होतं तुम्हाला?”

त्याच्या मते खरी गोष्ट अंगठी गेल्यावर सुरू होते. शायर वाचतं, सॅमचा संसार थाटतो. फ्रोडो मात्र दरवर्षी ठरावीक तारखांना आजारी पडतो आणि शेवटी जहाजात बसून निघून जातो. (टॉल्किन स्वतः 1916 साली सोमच्या लढाईत होता, हेही दादानंच सांगितलं.)

मला अजून ती दयेचीच गोष्ट वाटते. पूर्वपरीक्षेच्या रविवारी दादा सकाळपासून गच्चीवर असतो. मी हाक मारत नाही. चहा ठेवून खाली येतो.