नक्षल म्हंजी कुठलं गाव?

"नक्षल म्हंजी कुठलं गाव रं?" आईनं विचारलं.

मी नुकताच एका सरकारी कचेरीतून परतलो होतो. आम्ही पाच पोरं गायरानाचा अर्ज घेऊन गेलो होतो. इंदापूर तालुक्यातलं आमचं गाव. कालव्याच्या पाण्यावर ऊस पुरुषभर वाढतो, पण आमच्या वस्तीच्या वाट्याला त्यातलं वाढं अन् पाचट. गायरानाच्या एका तुकड्यावर आजा राबला, बाप राबला. सातबाऱ्यावर नाव नाही. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचा १९९१ चा शासन निर्णय आहे. त्याची झेरॉक्स अर्जाला टाचली होती. साहेबानं ती वाचलीच नाही. माझ्या गळ्यातला निळा पंचा बघितला अन् म्हणाला, "काय रे, नक्षलवादी झालात काय?" कारकून हसले. आम्हीपण हसलो. भ्यालो होतो म्हणून हसलो.

आईच्या प्रश्नालाही मी हसलो. पण दोस्तहो, आई बरोबर होती. ते गावच आहे.

नक्षलबारी. पश्चिम बंगालच्या दार्जिलिंग जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेजवळ. १९६७ साली तिथल्या भूमिहीनांनी अन् बटाईनं राबणाऱ्यांनी जमीनदारांच्या जमिनीवर हक्क सांगितला. बरेचसे संथाळ अन् राजबंशी, म्हणजे आपल्यासारखीच राबणारी माणसं. मे महिन्यात एक पोलीस अधिकारी बाणानं मारला गेला. दुसऱ्या दिवशी, २५ मे रोजी, पोलिसांनी गोळ्या घातल्या. अकरा जण मेले. त्यात बहुतेक बाया, आणि लेकरंही होती. गावाचं नाव पेपरात आलं अन् तिथून एका मार्गाचं नाव झालं. १९६९ मध्ये त्या मार्गाचा पक्ष निघाला. १९८० च्या सुमारास आंध्रातून हत्यारबंद दलं गडचिरोलीत आली. तिथं हा शब्द खऱ्या बंदुकीशी बांधलेला होता. तिथं मेलेत ते आदिवासी, दोन्हीकडून.

पुढं शब्दानं बंदूक सोडली अन् तो नुसत्या माणसांच्या मागं लागला. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले. आपली माणसं रस्त्यावर आली, तेव्हा राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील म्हणाले, यामागं नक्षलवादी आहेत. जणू आपलं रक्त आपोआप तापत नाही, जंगलातून कुणीतरी काडी लावावी लागते! मग पुण्यात शनिवारवाड्यावर ३१ डिसेंबर २०१७ ची एल्गार परिषद, दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला दगडफेक, आणि जून २०१८ पासून अटका. त्या वर्षी 'शहरी नक्षल' हा शब्द घरोघरी पोचला. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, तेही याच शब्दाच्या नावानं. गावाचा शब्द शहरात आला, शहरातून कायद्याच्या दारात.

एवढं सगळं मी अभ्यासवर्गात तावातावानं सांगायचो. पण एक गोष्ट सांगितली नव्हती. ती आज लिहितो.

बारामतीला आमचा रविवारचा वर्ग भरायचा. त्यात एक दोस्त होता, एमआयडीसीत कंत्राटी कामगार. जयंतीच्या मिटिंगमध्ये तो उठला अन् म्हणाला, "डीजेची वर्गणी बास करा. गायरान अन् मजुरीचा प्रश्न घ्या. मार्क्स पण वाचायला पायजे." मी म्हणालो, "बस खाली. नक्षल्या झालास काय तू?" सगळे हसले. तो बसला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

साहेबाचा शब्द मीच माझ्या तोंडानं वापरला होता. फरक इतकाच, की साहेब खुर्चीवर होता अन् मी सतरंजीवर.

हे नवं नाही. १९७२ ला निघालेल्या पँथरचा १९७३ मध्ये जाहीरनामा आला. त्यावरून कम्युनिस्ट की आंबेडकरवादी हा वाद पेटला आणि १९७४ मध्ये ढाले-ढसाळ फाटले. वाद व्हावा. वादाला मी भीत नाही. पण शिक्का मारला की वाद होतच नाही, समोरचा माणूस तेवढा उठून जातो.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलं, रक्तरंजित मार्ग सोडा. ते मला मान्य आहे. त्याच भाषणात त्यांनी बजावलं, की विषमता लवकर संपली नाही तर ती सोसणारे हा लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. पहिलं वाक्य साहेबांना आवडतं. दुसरं आज चौकात कुणी बोलला तर त्याला काय म्हणतील, तुम्हीच सांगा. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांसाठी सत्याग्रह केला, लाखो लोक तुरुंगात गेले. हातात बंदूक नव्हती. मागणी जमिनीचीच होती.

मागल्या महिन्यात मी त्या दोस्ताच्या खोलीवर गेलो. माफी मागायला शब्द सापडेना. तोच म्हणाला, "चहा घे. अर्ज आणलायस का?" मी काढून दिला. त्यानं वाचला अन् म्हणाला, "गट नंबर चुकलाय लेका. म्हणून तर त्यांचं फावतं."

नवा अर्ज त्याच्याच अक्षरात आहे. सोमवारी परत जायचंय. या वेळी सहा जण आहोत. साहेबानं तो शब्द काढला, तर हसायचं नाही असं ठरलंय. आईचा प्रश्न विचारायचा, अन् अर्जाची पोच मागायची.