दुधाच्या दातांखाली

'दुधाचे दात' या शब्दांतच तात्पुरतेपणा आहे. पडायचेच आहेत, तेव्हा त्यांचे फार मनावर घेऊ नये, अशी आपली सर्वसाधारण समजूत. तीन वर्षांच्या मुलीचा खालचा जबडा मोडला, तेव्हा या समजुतीकडे आम्हाला नव्याने पाहावे लागले.

इतक्या लहान वयात जबडा सहसा मोडत नाही. हाड लवचीक असते. ओली फांदी वाकवावी तसे ते पुष्कळदा एका बाजूनेच चिरते. आमच्या मुलीचे मात्र हनुवटीजवळ आरपार तुटून सरकले होते. मोठ्यांना धातूची पट्टी आणि स्क्रू लावतात, मग हिला का नाही, असे आम्ही विचारले. सर्जनबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. दुधाच्या दातांखाली, हाडाच्या पोटात, कायमच्या दातांचे अंकुर दाटीवाटीने बसले होते. सहाव्या-सातव्या वर्षी उगवायच्या दाताला आजच्या स्क्रूने इजा झाली असती.

मग दातांचा ठसा घेतला. त्यावरून केलेला प्लास्टरचा जबडा तुटीच्या जागी कापून नीट जुळवला आणि त्या जुळवलेल्या प्रतिकृतीवर ॲक्रिलिकची टोपी घडवली. भूल देऊन ती खऱ्या दातांवर बसवली, जबड्याभोवतून बारीक तार फिरवून बांधली. लहान हाड लवकर जुळते. तीन आठवड्यांत टोपी निघाली.

ते तीन आठवडे पेज, वरण आणि मऊ भाताचे होते. नुकती वाक्ये जुळवू लागलेली मुलगी बोलेनाशी झाली. बोललीच तर 'स' आणि 'त' ओळखू येत नसत. भाषा शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या आम्हा दोघांना तिच्या खुणा वाचायला शिकावे लागले.

हनुवटीवरच्या आघाताने कानापुढचा सांधाही मोडू शकतो, म्हणून तोही तपासला. तो शाबूत होता. तिथे मोड असता तर जबडा फार दिवस बांधून ठेवणे धोक्याचे ठरले असते. सांधा जखडला की तोंड उघडत नाही आणि हनुवटीची वाढ खुंटते. अशा मुलांना तोंड उघडण्याचे व्यायाम लवकर सुरू करतात.

हाड जुळले, तरी उपचार संपले असे कोणी म्हणाले नाही. वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणी चालू ठेवायची आहे. तुटीच्या रेषेत एक अंकुर आहे. तो उशिरा उगवेल, वाकडा उगवेल किंवा अगदी सरळही. त्याच्या वरचा दुधाचा दात परवापासून हलू लागला आहे.