हिरव्या रेक्झिनचं टेबल

दार उघडलं आणि नव्या रेक्झिनचा वास आला. लांबलचक हॉल, त्यात ओळीने मांडलेली तपासणीची टेबलं, प्रत्येकाच्या उशाला तोंड खुपसायला भोक. मुलांबरोबर कॉलेज बघायला आलेले बाकीचे आईबाप पार्किंगची आणि भाड्याच्या खोल्यांची चौकशी करत होते. मी एका टेबलाच्या कडेवरून हात फिरवत उभी. खाली पितळी खिळे लागतात का ते बोटं आपोआप बघत होती. "आई, चल ना, लोक बघतायत," लेक कुजबुजली.

बाबांच्या टेबलाला ते खिळे होते. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात सुताराकडून करून घेतलेलं सागवानी टेबल, आत काथ्या, वर हिरवं रेक्झिन आणि कडेने गोल डोक्याच्या पितळी खिळ्यांची रांग. पेशंटच्या टाचा घासून पायाकडचं रेक्झिन फाटायचं, तेव्हा बाबा त्यावर जखमेचीच चिकटपट्टी लावायचे. दुपारी दवाखाना बंद असला की मी त्यावर पालथी पडून गणितं सोडवायची. मे महिन्यात घरातली सगळ्यात गार जागा तीच. झोप लागली तर उठताना गाल चिकटलेला असायचा आणि दंडावर खिळ्यांचे ठसे. एरंडेल, डेटॉल आणि घाम असा मिळून त्याला एक वास होता. या हॉलमधल्या टेबलांना अजून घाम लागायचा आहे.

त्या टेबलाच्या शेकडो आठवणी असायला हव्यात. मला मात्र सारखी एकच येते. हंगामाचे दिवस, संध्याकाळ, लाईट गेलेली. मुकादम एका ऊसतोड्याला घेऊन आला. बीडकडचा माणूस, टोळीबरोबर आलेला. बाबांनी त्याला पालथा झोपवला, सदरा वर केला आणि माझ्या हातात बॅटरी दिली. "इथं धर." मानेपासून त्यांचा अंगठा एकेक मणका मोजत खाली यायला लागला. मुकादम मागून म्हणत होता, "डॉक्टर, एक सुई मारा, सकाळी फडात जायचंय त्याला." अंगठा खाली येत होता. पाठीच्या मधोमध एका जागी थांबला.

मग काय झालं ते सांगेन. पण आधी लेकीला आलेली दोन पत्रं.

लेकीला दोन मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळाला, दोन्ही ऑस्टिओपॅथिक, म्हणजे बाकी डॉक्टरकीबरोबर हाताने मणके सरकवायलाही शिकवणारी. पास झाल्यावर नावापुढे एम.डी. नाही, डी.ओ. लागणार. त्यातलं एक मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिलचं, जिथे हा सगळा प्रकार सुरू झाला ते मूळपीठ. दुसरं न्यू जर्सीतल्या आमच्या घरापासून गाडीने जाऊन-येऊन करण्याइतकं जवळ, तुलनेनं नवं, तो टेबलांचा हॉल त्याचाच. त्याचं नाव इथे घेत नाही. कारण त्याच्याबद्दल मनात जे काही आलं त्यात त्या कॉलेजचा दोष फारसा नाही.

माझ्या नवऱ्याने लगेच एक्सेल शीट उघडली. फी, घरभाडं, विमान, मॅच लिस्ट म्हणजे कोणाला कुठे रेसिडेन्सी मिळाली ती यादी, तिसऱ्या-चौथ्या वर्षाची हॉस्पिटलं. हा शेवटचा रकाना भारतात बसलेल्यांना समजावणं सगळ्यात अवघड. आपल्याकडे मेडिकल कॉलेज म्हटलं की शेजारी सिव्हिल हॉस्पिटल आलंच. बऱ्याच डी.ओ. कॉलेजांकडे स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं. पहिली दोन वर्षं वर्गात झाली की मुलं रोटेशनसाठी ठिकठिकाणच्या हॉस्पिटलांत पांगतात. म्हणजे कर्क्सव्हिलला गेली तरी दोन वर्षांनी ती भलत्याच राज्यात असणार.

आणि कर्ज. खासगी डी.ओ. कॉलेजची नुसती फीच वर्षाला साठ हजार डॉलरच्या आसपास जाते. आधी पदव्युत्तर मुलांना राहण्या-खाण्यासकट सगळा खर्च भागेल एवढं सरकारी कर्ज मिळायचं. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ती सोय बंद. डॉक्टर-वकील होणाऱ्यांना वर्षाला पन्नास हजार आणि एकूण दोन लाख डॉलर, बस. वरचं खासगी बँकेकडून काढा किंवा आईबापांच्या तळघरात राहा. लेक नेमकी त्याच वर्षी सुरू करणार. नवऱ्याच्या शीटमध्ये तळघर हिरव्या रंगात होतं.

नातेवाइकांना यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच, "एम.डी. नाही का मिळालं?" आपल्याकडे एम.डी. एम.बी.बी.एस.नंतर करतात, अमेरिकेत ती पहिलीच पदवी, हे सांगेपर्यंत समोरचा चहा संपवतो. डी.ओ.ला अमेरिकेत एम.डी.इतकेच अधिकार असतात, ते शस्त्रक्रिया करतात, औषधं लिहितात, २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची व्यवस्थाही एकच झाली, आज तिथल्या दर चार मेडिकल विद्यार्थ्यांतला एक डी.ओ. कॉलेजात असतो, हे मी पाठ करून ठेवलं होतं. उपयोग शून्य. "म्हणजे आपल्या आयुर्वेदिकसारखं?" असं कोणीतरी म्हणायचंच, आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. ती लेकीसाठी नव्हती, तिला काही फरक पडत नव्हता.

बाबा पुण्याच्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयातून शिकलेले. पंचक्रोशीत त्यांच्या हाताला गुण आहे म्हणत. माझा मामा मात्र मुंबईचा एम.बी.बी.एस., दादरला दवाखाना. लग्नाकार्यात तो बाबांची ओळख करून द्यायचा ती अशी: "हे आमचे दाजी. तिकडे खेड्यात आयुर्वेदिक आहेत." आयुर्वेदिक डॉक्टर नाही. नुसतं आयुर्वेदिक, चूर्णाच्या डबीवर छापतात तसं. बाबा हसून नमस्कार करायचे. मला तेव्हा मामाच्या ताटात मीठ ओतावंसं वाटायचं. अजूनही वाटतं.

गंमत म्हणजे बाबा आयुर्वेद फार करतही नसत. पेशंटला सुई लागायचीच. ती दिली नाही तर "डॉक्टरनी बघितलंच नाही" म्हणून माणूस दुसरीकडे जायचा. बी-कॉम्प्लेक्सची लाल सुई, क्रोसिन, सेप्ट्रान. सकाळी स्वतः च्यवनप्राश खायचे, एवढाच आयुर्वेद.

मग आम्ही कर्क्सव्हिलला गेलो. कॅन्सस सिटीला उतरून भाड्याच्या गाडीने अडीच-तीन तास, दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची खुंटं. लहानसं गाव, एक चौक, मधोमध कोर्टाची इमारत. लेक कॉलेजातल्या मुलांशी बोलायला गेली. नवरा घरभाड्यांचे आकडे जमवायला गेला. मी म्युझियममध्ये शिरले.

अँड्र्यू टेलर स्टिल हा ऑस्टिओपॅथी सुरू करणारा माणूस. त्याचा जन्म १८२८ सालचा, व्हर्जिनियातल्या एका लाकडी झोपडीतला. ती झोपडी उचलून इथे आणून ठेवली आहे. बाप धर्मोपदेशक आणि डॉक्टर. मुलगाही बघून-बघून डॉक्टर झाला, त्या काळी तसं चालायचं. १८६४ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत त्याची तीन मुलं गेली. त्या वेळची औषधं म्हणजे पारा, अफू आणि दारू. त्यांवरून स्टिलचा विश्वास उडाला आणि उत्तर हाडांत आहे असं त्याने मनाशी धरलं. लहानपणी डोकं दुखत असताना त्याने दोन झाडांमध्ये दोर जमिनीलगत बांधला, त्यावर मान टाकून झोपला आणि उठला तेव्हा डोकं दुखायचं थांबलेलं, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. शरीरशास्त्र शिकायला त्याने मूळ रहिवाशांच्या कबरी उकरून हाडं काढली, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. दोर मला आवडला होता. कबरींशी आल्यावर त्याच्याबद्दल काय वाटून घ्यावं ते कळेना. नंतर गावोगाव हिंडत तो स्वतःला 'विजेच्या वेगाचा हाडवैद्य' म्हणवून घेत असे. आपल्याकडचे हाडवैद्य इतकी जाहिरात करत नाहीत.

१८९२ मध्ये त्याने इथे शाळा काढली, दोन खोल्यांची. पहिल्या तुकडीत वीसेक विद्यार्थी आणि त्यात पाच बायका. राज्याच्या सनदेप्रमाणे तो एम.डी. पदवी देऊ शकला असता. त्याने दिली नाही, डी.ओ. हीच आपली वेगळी अक्षरं ठेवली. त्या हट्टाची किंमत पुढच्यांनी भरली. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाने नव्या डी.ओ.ना परवाने देणं थांबवलं आणि जे होते त्यांना पासष्ट डॉलर घेऊन एम.डी. करून टाकलं. दोन हजारांवर लोकांनी ते घेतलं. कालपर्यंत भोंदू ठरलेली माणसं पासष्ट डॉलरमध्ये शहाणी झाली. बाबांना असा कागद कोणी देऊ केला असता तर? महाराष्ट्रात २०१४ मध्ये होमिओपॅथीवाल्यांसाठी वर्षभराच्या औषधशास्त्राच्या कोर्सचा कायदा झाला. त्यावरून डॉक्टरांचे संप पुढेही होत राहिले. बाबा तोवर राहिले नव्हते. असा कागद त्यांनी घेतला असता, असं मला वाटतं. मामासाठी नाही, पाटीवर जागा होती म्हणून.

म्युझियममध्ये एका काचेमागे माणसाची सगळी मज्जासंस्था टांगलेली आहे. बाकी शरीर नाही, फक्त मेंदू, त्याखाली पाठीचा दोरखंड आणि त्यातून फुटून बोटांच्या टोकांपर्यंत गेलेले तंतू. १९२५ मध्ये इथल्याच दोन विद्यार्थ्यांनी ती शरीरातून अखंड सोडवली, दीड हजार तास लागले म्हणतात. मी काचेशी नाक लावून मणक्यांचा हिशेब करत राहिले. मानेचे सात, पाठीचे बारा. त्या संध्याकाळी बाबांचा अंगठा थांबला होता तो पाठीच्या मध्याच्या जरा खाली.

बाबांनी त्या जागी बोटाने हलकंसं ठोकलं. माणूस कळवळला. अंगठ्याखाली एक मणका किंचित वर आलेला होता. "संध्याकाळी ताप येतो?" येत होता. बाबा मुकादमाकडे वळून म्हणाले, "सुईचं काम नाही हे. मिरजेला न्या मिशनमध्ये, उद्याच. मणक्याचा टीबी वाटतोय." मुकादम हिशेब घालायला लागला, उचल किती, दिवस किती. बाबांनी चिठ्ठी लिहिली, माझ्या बॅटरीच्या उजेडातच. पैसे घेतले नाहीत. तो माणूस मिरजेला गेला की दुसऱ्या दिवशी फडात, ते कळलंच नाही. हंगाम संपला, टोळी गेली. बाबांना विचारलं तर म्हणाले, "चिठ्ठी दिली होती."

बाहेर आले तेव्हा मी ठरवून टाकलं होतं, कर्क्सव्हिलच. गाव लहान, शेजारी शेतं, माणसं सावकाश बोलणारी. लेक गाडीत बसली आणि म्हणाली, "आई, मला त्या स्टिलबाबाच्या झोपडीपाशी शिकायचं नाहीये. मला इंटर्नल मेडिसिन करायचंय आणि कर्ज कमी ठेवायचंय." हाताने मणके सरकवण्याच्या विद्येवर तिची फार भक्तीही नाही. कंबरदुखीला त्याचा काही उपयोग होतो असं अभ्यास सांगतात, तेवढं ती मान्य करते. कवटीच्या हाडांची लय बोटांनी ओळखता येते असं काही जण शिकवतात, त्यावर ती डोळे फिरवते. खूपसे डी.ओ. पास झाल्यावर ते हातकाम करतच नाहीत, हेही तिनेच सांगितलं. "पण दोनेकशे तास शिकावं लागतं, तर शिकेन नीट."

जवळच्या कॉलेजची अनामत रक्कम भरली, परत न मिळणारी. नवऱ्याने शीट बंद केली. मला दोन दिवस उगीच कोणाशी बोलावंसं वाटेना. कर्क्सव्हिल मी नेमकं कोणासाठी निवडलं होतं, ते लेकीला माझ्याआधी कळलेलं असावं, कारण ती समजूत घालायला आली नाही. आली ती एक केस आणि कागदांची चळत घेऊन. डोक्यावरचा केस कागदाखाली ठेवायचा आणि बोटाच्या पेराने वरून तो शोधायचा. सापडला की आणखी एक कागद वाढवायचा. स्पर्श तयार करायची ही यांची जुनी रीत, त्या दिवशी हॉलमध्ये दाखवली होती. मला दोन कागदांपर्यंत लागला. लेक डोळे मिटून, जीभ दातांत धरून बसली होती, सातव्या कागदावर. ही सवय आमच्याकडे आणखी कोणाला होती ते मी तिला सांगितलं नाही.

तिला आता सरावासाठी घडीचं टेबल लागेल. शेवटच्या वर्षाची मुलं जुनी विकतात. नव्याची किंमत बघून मी किंचाळले. बाबांचं टेबल आमच्या चौकातल्या इस्त्रीवाल्याने नेलं. दवाखाना रिकामा करताना आईने त्याला फुकट दिलं. रेक्झिन काढून वर घोंगडी अंथरलीय, खिळे तसेच आहेत. मागच्या खेपेला त्याच्यावर कुणाच्या तरी लग्नाचे सदरे ठेवलेले होते. इथवर आणायचा विचार मनात आला होता, बोटीच्या भाड्याची चौकशीही केली.

मामाला बातमी मीच फोनवर दिली. आता त्याचं वय झालंय, ऐकू कमी येतं. "डी.ओ.?" तो ओरडला. मी पाठ केलेलं सगळं म्हणायला तयार झाले. पण त्याने मध्येच विचारलं, "म्हणजे ते हाताने पाठबीठ बघतात ते ना? माझी कंबर गेले वर्षभर धरलीय गं. इथल्या पोरांनी एम.आर.आय. काढला, गोळ्या दिल्या, हात कोणी लावला नाही. तिला विचार बघ जरा."

"चार वर्षं थांबा, मामा," मी म्हटलं. "आणि पुढे तीन वर्षं रेसिडेन्सी."