शेजारच्या भाषेतलं भूत

महिन्याला दोन-तीन सिनेमे पाहणं होतं आणि त्यातले बहुतेक भुताचे नाहीतर हाणामारीचे असतात. तौलनिक साहित्यात एम.ए. केलेल्या बाईनं काय पाहावं याबद्दल लोकांच्या काही कल्पना असतात, म्हणून लखनौच्या साहित्यिक बैठकांत मी हा विषय सहसा काढत नाही. खरं तर या शहराला त्याचं वावडं असायचं कारण नाही. इथल्याच नवलकिशोर प्रेसनं १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड छापले, आणि अमीर हमजाची सगळी दास्तान मिळून ४६ खंड भरले. दास्तानगो आपल्या कलेचे चार घटक मोजत: रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी. लढाई, मैफल, जादू आणि चलाखी. त्यातली मैफल वजा केली, की गोमतीनगरच्या मॉलमध्ये शुक्रवारी जे लागतं तेच उरतं.

शिवाय मला निमित्तही आहे. एका प्रकाशकासाठी जुन्या मराठी भयकथांचा हिंदी अनुवाद गेली दोन वर्षं चालू आहे. हडळ म्हणजे चुड़ैल, इथपर्यंत ठीक. चकव्याला 'छलावा' जवळपास चालतो. पण खवीस, गिऱ्हा, देवचार यांच्यापाशी आलं की टेबलावरून उठून चहा करावा लागतो. त्यामुळे भुताचा सिनेमा पाहणं हा अर्धा अभ्यासच, असं मी घरी सांगते. घरी कुणाचा विश्वास बसत नाही.

लखनौत पाहुणे आले की बडा इमामबाडा दाखवावा लागतो, आणि 'भूलभुलैया' या सिनेमाचं शूटिंग इथेच झालं का, असं त्यांच्यातलं कुणीतरी विचारतंच. झालं नाही. २००७ चा प्रियदर्शनचा सिनेमा जयपूरकडच्या महालात चित्रित झाला. इथून फक्त नाव गेलं. इमामबाड्यातली भूलभुलैया कुणाला घाबरवण्यासाठी बांधलेलीही नाही. १७८४ च्या दुष्काळात असफउद्दौलानं हे काम काढलं. खालच्या जवळजवळ पन्नास मीटर लांबीच्या दालनाला ना खांब, ना तुळई. वरच्या छताचा भार हलका व्हावा म्हणून आत पोकळ बोळ ठेवले, त्या बोळांची ही भूलभुलैया. गाइड आपला आगपेटीची काडी ओढून दुसऱ्या टोकाला आवाज ऐकवतो आणि पाहुणे खूश होतात.

सिनेमाची गोष्ट मात्र केरळची, फाजिलच्या १९९३ च्या 'मणिचित्रताळ'ची. ती २००४ मध्ये कन्नडमध्ये 'आप्तमित्र' झाली, २००५ मध्ये तमिळमध्ये 'चंद्रमुखी' आणि मग हिंदी. गेल्या हिवाळ्यात मी चारही ओळीनं पाहिले. पैकी मूळ मल्याळम सिनेमातली शोभना बाकी तिघींना पुरून उरते, यावर वाद घालायची माझी तयारी नाही. पण माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. मल्याळम घरातली नागवल्ली तमिळ बोलते. तमिळ घरातली चंद्रमुखी तेलुगू बोलते. कन्नड नागवल्लीही तेलुगूच. आणि हिंदी महालातली मंजुलिका बंगाली. नर्तकी तीच, सूड तोच; प्रत्येक अनुवादात फक्त एवढं पाळलं गेलं, की भूत घरच्या भाषेत बोलता कामा नये. फार लांबच्या भाषेतही नको, कारण मग ते नुसतं विचित्र वाटेल. शेजारची भाषा हवी. अर्धी कळणारी.

हे कळल्यावर जून २०२४ मध्ये पाहिलेला 'मुंज्या' मला पुन्हा आठवला. आदित्य सरपोतदारचा सिनेमा. मी तेरा वर्षांच्या लेकीला घेऊन गेले होते. सुट्टी होती, थिएटर पोरांनी भरलेलं. कोकण, पिंपळ, पाऊस, सुहास जोशींची झकास आजी. मुंज्याची स्वतःची भाषा म्हणजे मराठी वळणाची हिंदी, आणि त्याच्या प्रत्येक मराठी शब्दाला थिएटर हसत होतं. लेकही हसत होती. ती इथेच वाढली. वडिलांशी, दादीशी, शाळेत हिंदी, माझ्याशी मराठी, तेही बोलायला लावलं तर. बाहेर पडल्यावर पॉपकॉर्नचा डबा टाकता टाकता ती म्हणाली, "आई, तू आजीशी फोनवर बोलतेस ना, तेव्हा असंच वाटतं." कौतुकानंच म्हणाली. मी रिक्षा शोधायला लागले.

सिनेमा म्हणून सांगायचं तर पहिला अर्धा तास उत्तम. मुंज्या संगणकाच्या कृपेनं अख्खा दिसायला लागला की भीती संपते आणि पकडापकडी सुरू होते. सरपोतदारचा २०२२ चा 'झोंबिवली' मला यापेक्षा आवडतो. डोंबिवलीतला टॉवर, शेजारची झोपडपट्टी आणि पाण्यावरून चाललेली भांडणं त्यात खरी आहेत. मेलेली माणसं नंतर येतात. पण तो लखनौत कुणी पाहिलेला नाही, आणि 'मुंज्या'नं शंभर कोटींच्या वर धंदा केला.

त्याचा परिणाम माझ्या टेबलापर्यंत आला. माझ्या हस्तलिखितात 'मुंज्या' या शब्दाला सहा ओळींची तळटीप होती: मुंज झालेला आणि सोडमुंज होण्याआधी वारलेला मुलगा, पिंपळावरची वस्ती, खोड्या काढतो पण वंशाचा नाश करणारा नव्हे, वगैरे. संपादकांनी ती काढून टाकली. म्हणाले, आता गरज नाही, सगळ्यांना माहीत आहे. माहीत आहे ते काय, तर मुन्नीशी लग्न करायला निघालेला, दात विचकणारा हिरवट प्राणी. मी ज्या कथेचं भाषांतर करते आहे तिच्यातला मुंज्या रात्री आईच्या दारात येऊन बसतो, बाकी काहीच करत नाही. वाचक आता त्या दारात कुणाला बसवणार? तळटीप परत घालावी म्हणून मी दोन मेल केल्या आहेत.

'तुंबाड' मी २०१८ मध्ये एका रिकाम्या शोला पाहिला होता. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. या वेळी तिकिटं आदल्या दिवशी काढावी लागली. हा सिनेमा मी पाच वेळा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी मला त्यातला ओलावा हाडात गेल्यासारखा वाटतो. राही अनिल बर्वेनं खऱ्या पावसासाठी पावसाळे खर्ची घातले, ते पडद्यावर दिसतं. आपल्याकडच्या भयपटांत भूत अंगावर धावून येतं. इथे विनायक स्वतःहून भुताकडे जातो, कमरेला दोर बांधून, पिठाची बाहुली घेऊन, बाजारहाट करायला जावं तसा. लोभाचं असं रोजमर्रा रूप मी दुसऱ्या हिंदी सिनेमात पाहिलेलं नाही.

अनुवादकाला तर हा सिनेमा म्हणजे मेजवानी. स्टीफन किंगची 'ग्रॅमा' ही कथा. तिच्यावरून नारायण धारपांची 'आजी'. ती कुणी मित्रानं नागझिऱ्याच्या जंगलात बर्वेला तोंडी सांगितलेली. आणि तिच्यावरून अनेक वर्षांनी हा हिंदी सिनेमा, ज्याला नाव मिळालं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मधल्या गावाचं. कादंबरीशी कथेचा काही संबंध नाही. या साखळीतली कुठली कडी मूळ आणि कुठली भाषांतर, हे एम.ए.च्या पेपरात विचारलं असतं तर मी तीन पुरवण्या लावल्या असत्या. शेजारच्या बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. "आपके यहाँ हस्तर की पूजा होती है क्या?" नाही हो, म्हटलं, तो सिनेमावाल्यांनी तयार केलेला देव आहे. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. गणपतीच्या आरतीला बोलावलं तेव्हा त्या मूर्तीच्या मागे काय आहे ते बघत होत्या, असं मला वाटून गेलं.

मारधाडीत वर्षातला माझा सिनेमा 'किल'. निखिल नागेश भटचा, पावणेदोन तासांचा. रांचीहून दिल्लीला जाणारी गाडी, तिच्यात दरोडेखोर, आणि त्यांना आडवा आलेला एक कमांडो. सिनेमाचं नाव पडद्यावर जवळजवळ मध्यावर येतं, आणि ते येईपर्यंत आपण जे पाहिलं ती प्रस्तावना होती हे कळून पोटात गोळा येतो. आग विझवायचा सिलिंडर, पडदे, बर्थ, संडासाचं दार: स्लीपरमधून आयुष्यभर प्रवास केलेल्या माणसाला प्रत्येक वस्तू ओळखीची. माझ्या मते खरी गंमत आणखी पुढे आहे. दरोडेखोर एकमेकांचे काका, भाचे, भाऊ आहेत. माणूस मेला की ते त्याच्यापाशी बसून रडतात. नायकाच्या हाताखाली मरणाऱ्यांना नातेवाईक असतात, हे हिंदी ॲक्शनपटानं बहुधा इतक्या स्पष्टपणे कधी दाखवलं नव्हतं. राघव जुयालचा फणी तर नायकालाच विचारतो, की तू रक्षक की राक्षस, आणि क्षणभर आपणही उत्तर शोधतो. त्यानंतरच्या महिन्यात मी पुष्पकनं मुंबईला गेले. रात्रभर वरच्या बर्थवरून डब्याचं दार उघडल्याचा आवाज मोजत होते.

'शैतान'बद्दल एकच वाक्य: गुजराती 'वश' शोधून पाहा, जानकी बोडीवाला दोन्हींत आहे आणि राष्ट्रीय पुरस्कार तिला गुजरातीसाठी मिळाला तो योग्यच.

आता विशाल फुरियाचे दोन सिनेमे. २०१७ चा मराठी 'लपाछपी' आणि २०२१ चा हिंदी 'छोरी'. दिग्दर्शक एकच, गोष्ट एकच: नवऱ्याच्या कर्जापायी शहरातून पळालेलं जोडपं, बायको आठ महिन्यांची गरोदर, उसाच्या फडात एकटं घर, आणि ते घर सांभाळणारी बाई. स्वतःच स्वतःचं भाषांतर केलेला असा दुसरा भयपट मला माहीत नाही. मी सांगलीकडची. उसात माणूस दहा पावलांवर दिसेनासा होतो, वारा नसताना पाचट वाजतं, हे मला कुणी पार्श्वसंगीतानं सांगायची गरज नाही. आणि महाराष्ट्रातला ऊस काढून उत्तरेतला गन्ना लावला तरी गोष्टीचं एक पान हलत नाही, यात या दोन प्रदेशांबद्दल बरंच काही आलं. अवधीत तर उसाला ऊखच म्हणतात.

'छोरी' मी घरी पाहत होते तेव्हा अम्मा, माझ्या सासूबाई, भाजी निवडत शेजारी बसल्या होत्या. त्यांना भुताचे सिनेमे आवडत नाहीत. त्यात मीता वशिष्ठ पोटावर हात ठेवून मुलगाच होणार म्हणून जे प्रेमानं बोलते, ते ऐकून त्यांचे हात थांबले. शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, तुमच्याकडचा पण आहे ना, तो लाव.

'लपाछपी'ला खाली इंग्रजी सबटायटल्स होती, ती अम्मांना वाचता येत नाहीत. मी वाक्यागणिक हिंदी सांगायला लागले. उषा नाईक पहिल्यांदा पूजा सावंतला जेवायला वाढते, तिथे अम्मांनी मला गप्प केलं. "रहने दो बहू, आवाज सुनने दो." पुढचा सगळा सिनेमा त्यांनी मराठीतच पाहिला. माझ्या मते दोन्हींत 'लपाछपी' सरस, आणि कारण उषा नाईक. मीता वशिष्ठला पाहताना आपण एका मोठ्या नटीला पाहतो. उषा नाईक ओट्यापाशी उभी राहते ती आपल्या मावशीसारखी, आणि तिच्या तोंडची भाषा माझ्या लहानपणीची आहे. तिथे शेजारी कुणी नाही. मला तो सिनेमा एकटीनं पाहवत नाही.

अम्मा सीतापूरच्या. बहिणी किती, असं कुणी विचारलं की गेली वीस वर्षं मी त्यांच्याकडून "पाँच" ऐकत आले आहे. त्या रात्री दूध गरम करताना त्या आपणहून म्हणाल्या, "हम सात थे." दोघींची नावं ठेवली नव्हती. एवढंच सांगितलं आणि गॅस बंद केला. लेक दारात उभी होती, तिनंही ऐकलं. तिनं मला नंतर अंधारात विचारलं, मराठीत विचारलं, की नाव नसलेल्याला काय म्हणतात. मुंज्यासारखा काही शब्द आहे का. हिंदी, अवधी, मराठी, तिन्हींत मला सापडला नाही.

एप्रिल २०२५ मध्ये 'छोरी २' आला. त्यात भुयारं आहेत, सोहा अली खान आहे, बालविवाहाचा विषय आहे आणि समजावून सांगायची घाई फार आहे. लेकीनं अर्ध्यातच मोबाइल काढला. अम्मा आल्या नाहीत. भाजी निवडायची होती, ती त्यांनी आतल्या खोलीत नेली.