दोन घड्याळांमधले अंतर

गेल्या जून महिन्यातील गोष्ट. आमच्या धाकट्या भावाची दोन्ही मुले परदेशी. मुलगा सिंगापुरास, मुलगी न्यूयॉर्कला. मुलीवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागणार असा निरोप आला आणि तिच्या सोबतीसाठी तिचा भाऊ विमानाने निघाला. खानापूरजवळच्या आमच्या घरी वृद्ध आईने विचारले, "किती वेळाचा प्रवास रे?"

तिकिटावर दुपारी १२ वाजता प्रस्थान आणि त्याच तारखेस सायंकाळी पावणेसातला आगमन, असे छापलेले होते. आम्ही वजाबाकी केली आणि बेधडक सांगून टाकले, "पावणेसात तास!"

सिंगापुरातील दुपारचे १२ म्हणजे आपल्याकडील सकाळचे साडेनऊ. त्या हिशेबाने सव्वाचारला निरोप यावयास हवा होता. दिवेलागण झाली, सायंप्रार्थना आटोपली, तरी फोन वाजला नाही. आईने ताटाला हात लावला नाही. विमानाचे काही बरेवाईट झाले असावे, हे ती बोलली नाही. पण तिच्या डोळ्यांत आम्हांस ते दिसले.

तेव्हा कुठे आम्ही शाळकरी नातवाचा पृथ्वीगोल पुढे ओढला आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला. दोरा थेट उत्तर ध्रुवाजवळून गेला! हे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर. साऱ्या पृथ्वीचा घेरच ४०,००० किलोमीटर. म्हणजे एका दमात त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक मजल. शिवाय न्यूयॉर्कला जाणारे विमान बहुधा पॅसिफिक महासागरावरून वळसा घेते. वाट लांबते, पण पश्चिमेकडून वाहणारा उंचावरील वेगवान वारा त्यास पाठीमागून रेटतो.

"मध्ये कोठे उतरत नाही?" आईने विचारले. नाही. अशा लांब पल्ल्यासाठी मुद्दाम अधिक इंधन मावेल अशी एअरबस विमाने तयार केलेली आहेत. तरीही अठरा-एकोणीस तास लागतातच.

मग आमची वजाबाकी चुकली कोठे? उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ सिंगापूरच्या मागे बरोबर १२ तास असते. काटे दोन्हीकडे सारखेच. एकीकडे मध्यान्ह, तर दुसरीकडे मध्यरात्र. तिकिटावरील दोन वेळा दोन निरनिराळ्या घड्याळांच्या होत्या आणि त्यांच्यामध्ये १२ तास दडून बसले होते. आम्ही ते पाहिलेच नाहीत.

आईने सारे शांतपणे ऐकून घेतले. "पहाटेपर्यंत वाट पाहायची, असे सकाळीच सांगितले असतेस, तर मी दोन घास खाल्ले असते," एवढेच ती म्हणाली.

पहाटे साडेचारच्या सुमारास फोन वाजला. पोरगा सुखरूप उतरला होता. दोन दिवसांनी बहिणीची शस्त्रक्रियाही नीट पार पडली.

वाचकहो, आज कितीतरी घरांतील मुले दूरदेशी आहेत. ती निघाली म्हणजे घरच्या म्हाताऱ्या माणसांस पोहोचण्याची वेळ आपल्या घरच्या घड्याळाप्रमाणे सांगावी. वाट पाहणाऱ्याच्या भिंतीवर एकच घड्याळ असते.