२८ ऑक्टोबरनंतरचं पाणी

संपादकांचा आग्रह असा, की मराठवाड्याच्या पाण्यावर लिहा, पण आकडे शक्यतो नकोत. प्रस्तुत लेखक नांदेडला मानवी भूगोल शिकवतो. आकड्यांवाचून पाण्यावर लिहिणं त्याच्या कुंडलीत नाही. निदान एक आकडा वाचकांनी सोसावा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला येणारी पाण्याची रेल्वे पन्नास वाघिणींची झाल्यावर एका फेरीत २५ लाख लिटर आणत होती. त्या हिशेबाने एक टीएमसीला अकरा हजारांहून जास्त फेऱ्या लागतील.

दरवर्षी १ जुलैला धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर असलेल्या बाभळी बंधाऱ्यावर केंद्रीय जल आयोगाचे आणि दोन्ही राज्यांचे अधिकारी जमतात. एकेक करत चौदा दरवाजे वर जातात आणि उरलंसुरलं पाणी तेलंगणाच्या दिशेने निघतं. दुसऱ्या दिवशी लेखकाचा फोन वाजू लागतो. "सर, आपलं पाणी सोडतातच कशाला?" उत्तर दोन मिनिटांत हवं असतं.

दोन मिनिटांतलं उत्तर असं. घटनेच्या सातव्या अनुसूचीत पाणी राज्यसूचीत आहे, नोंद १७. पण आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्रसूचीत, नोंद ५६. नदी दोन राज्यांतून वाहू लागली की मालकीची भाषा थांबते, वाट्याची सुरू होते. गोदावरीचे वाटे बच्छावत लवादाने १९८० मध्ये ठरवले. गोदावरीवर पैठणच्या खाली, पूर्णेवर सिद्धेश्वरच्या खाली आणि मांजरेवर निजामसागरच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या पाणलोटातून महाराष्ट्राने नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी वापरावं, असा तो निवाडा. बाभळीची क्षमता २.७४ टीएमसी. वाट्याचा विसावा हिस्सासुद्धा नाही!

मग एवढं रामायण कशासाठी? जागेसाठी. पोचमपाडचं धरण, म्हणजे श्रीरामसागर, बाभळीच्या ८१ किलोमीटर खाली आहे. त्याची मूळ क्षमता ११२ टीएमसी. ते तुडुंब भरलं की फुगवटा राज्याची सीमा ओलांडून बाभळीच्याही वर येतो. थोडक्यात, महाराष्ट्राचा बंधारा तेव्हाच्या एकत्र आंध्रच्या जलाशयाच्या पोटात उभा राहिला. आंध्र प्रदेश २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०१० मध्ये आंध्रचे नेते चंद्राबाबू नायडू आमदारांचा ताफा घेऊन बाभळीकडे निघाले आणि धर्माबादला त्यांना अटक झाली. ती अटक सगळ्यांच्या लक्षात आहे. निकाल कोणी वाचत नाही.

२८ फेब्रुवारी २०१३ च्या त्या निकालाने बंधारा वाचला, पण अटींसकट. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. देखरेखीला तीन सदस्यांची समिती, अध्यक्ष केंद्रीय जल आयोगाचा. हे ०.६ म्हणजे कुणाला दिलेली खिरापत नव्हे. तेवढी जागा दोन्ही साठ्यांना सामाईक आहे, म्हणून ते पाणी परत द्यायचं. उरलेलं २.१४ टीएमसी महाराष्ट्राच्या ६० मधलं. लेखक हे व्याख्यानांतून सांगतो, माना डोलतात, आणि आभारप्रदर्शनात पुन्हा "आपलं पाणी पळवलं" येतंच.

तक्रार खोटी आहे असं मात्र नाही. दरवाजे खाली येतात २९ ऑक्टोबरला. तोवर पावसाळा सरलेला असतो. परतीच्या पावसाने हात दिला आणि वरून विष्णुपुरीतून पाणी आलं, तर बंधारा भरतो. नाहीतर काठावरच्या मोटारी गाळ ओढतात. शेतकऱ्याला हरभरा टाकायचा असतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे बंधारा भरणार की नाही हे कळायच्या आत. विहीर असलेला गहू पेरतो, नसलेला दोन पाण्यांवर निभावणारं पीक धरतो. अर्थशास्त्रातली अनिश्चितता काठावर अशी दिसते. वर्षभराचं पाणी पुरेसं असूनही नेमक्या आठवड्यात ते नसतं.

लातूरची गोष्ट वेगळी, आणि तिचाही सोयीस्कर विसर पडतो. शहराची तहान भागवणारं मांजरा धरण धनेगावला, बीड जिल्ह्यात. पुढे मांजरा लातूर ओलांडून कर्नाटकात जाते, तेलंगणात निजामसागरला अडते आणि नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते. २०१६ मध्ये धरण कोरडं पडलं तेव्हा मिरजेहून आलेलं पाणी कृष्णेच्या खोऱ्यातलं होतं. पाऊस रुसला, हे खरंच. पण त्याच मांजरेच्या खोऱ्यात ऊसही वाढत होता आणि साखर कारखानेही. त्याबद्दल विचारलं की सभागृहात खोकल्याची साथ येते.

सगळ्यात अवघड प्रश्न वेगळाच. बाभळीला मराठवाडा वरच्या अंगाला, पैठणला खालच्या. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या कलम १२(६)(ग) चा आधार घेऊन मराठवाडा नाशिक-नगरकडे पाणी मागतो. या वाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने तिथेही ऑक्टोबरातलीच तारीख धरली: १५ ऑक्टोबरला पैठणचं जायकवाडी धरण ६५ टक्क्यांखाली असेल तर वरून सोडा. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचं हे तत्त्व उचलून धरलं. खालच्याचा हक्क आधी, हा युक्तिवाद मराठवाड्याने पैठणला जिंकला. बाभळीला तोच तेलंगणा करतो.

बाभळीचे दरवाजे लवकर बंद करू द्या, ही मागणी नांदेडमध्ये होत असते. ती गैर नाही. पोचमपाड भरून सांडत असताना बाभळी रिकामी ठेवण्याने खालच्या शेतकऱ्याचंही भलं होत नाही. पण तारीख हलवायची तर तेलंगणाची संमती हवी, नाहीतर न्यायालयाचा नवा आदेश. आणि त्या सुनावणीत पैठणचा १५ ऑक्टोबर पुढे केला जाणार, याची तयारी आपल्या वकिलांनी आजपासूनच केलेली बरी.